राखीव जागा कोणाची? भायखळा–परळचा धडा

गेल्या निवडणुकीच्या आधी आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात एका पोराने सरळ विचारले, "राखीव जागेवरचा आमदार आपल्यातलाच असतो ना? मग अत्याचार झाला की तो विधानसभेत गप्प का बसतो?" उत्तरे लगेच आली. कोणी म्हणाले, विकला जातो. कोणी म्हणाले, तिकिटासाठी लाचार होतो. कोणी थेट 'दलाल' म्हणून मोकळे झाले.

या उत्तरांवर टाळ्या पडतात, पण त्यांतून प्रश्न सुटत नाही. एक माणूस विकला गेला, दुसरा गेला, हे एक वेळ समजू. पण सत्तर वर्षे एकामागून एक माणसे गप्प बसत असतील, तर दोष फक्त माणसांचा नसतो. तो ज्या साच्यातून निवडून येतो त्या साच्याचा असतो. कोणाच्या मतावर निवडून यायचे आणि कोणाच्या नाराजीने पडायचे, हे तो साचा ठरवतो. प्रतिनिधी त्याच्याशीच इमान राखतो.

हा साचा समजून घ्यायला आपल्या इतिहासातला एक मतदारसंघ पुरेसा आहे. १९३७ च्या मुंबई इलाखा विधानसभेतला 'मुंबई शहर, भायखळा आणि परळ'. बाबासाहेब आयुष्यात लोकांच्या थेट मतदानाने विधिमंडळात निवडून गेले ते याच मतदारसंघातून. नंतर याच शहरात त्यांचा पराभव झाला. माणूस तोच आणि गिरणगावही तोच. मग मधल्या पंधरा वर्षांत काय बदलले?

नेमणुकीचे दिवस

१९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई कायदे कौन्सिलात अस्पृश्यांना जागा मिळाली ती सरकारी नेमणुकीची. लोकांनी निवडलेला माणूस नव्हे, गव्हर्नराने नेमलेला माणूस. बाबासाहेब स्वतः १९२७ पासून नेमलेले सभासद म्हणून कौन्सिलात बसले. तिथेही त्यांनी १९२८ मध्ये महार वतनाचे बिल मांडले आणि गिरणीतल्या बाळंतिणींना पगारी रजा मिळावी म्हणून प्रसूती लाभाच्या बिलाला पाठिंबा दिला. पण नेमलेल्या माणसाचे बळ किती, हे त्यांना नीट ठाऊक होते. ज्याने नेमले तो काढूही शकतो.

म्हणून त्यांची मागणी सुरुवातीपासून निवडणुकीची होती. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी काय मागितले, ते आपल्या तरुणांनी पाठ करून ठेवावे. त्यांनी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा मागितल्या, पण अट घातली प्रौढ मताधिकाराची. प्रौढ मताधिकार मिळणार नसेल तर स्वतंत्र मतदारसंघ द्या, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे 'राखीव जागा' हा शब्द त्यांनी कधीच एकटा वापरला नाही. जागा किती, याच्या जोडीला मत कोणाचे, हा प्रश्न त्यांनी कायम ठेवला.

पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा आला आणि स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. गांधीजींनी येरवड्यात उपोषण केले. २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. प्रांतिक विधिमंडळांतल्या अस्पृश्यांच्या जागा वाढून १४८ झाल्या, त्यांत सिंधसह मुंबई इलाख्याला १५. बदल्यात स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्या जागी दोन टप्प्यांची पद्धत आली. आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार जणांची यादी निवडायची, मग त्या चौघांतून सगळ्यांनी मिळून एक निवडायचा. चौघांत आपला सर्वात आवडता कोणीही असो, शेवटी निवडणार बहुसंख्य.

परळची माती

भायखळा–परळ म्हणजे गिरण्या, चाळी आणि भोंगे. कोकणातून आणि देशावरून आलेले आपले आजे-पणजे याच पट्ट्यात राहिले. गिरणीत काम मिळाले तरी विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त तिथे, अस्पृश्याला उभे करत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याला अस्पृश्याचे तोंड लागलेले सवर्ण कामगाराला चालत नसे. लाल बावटा खांद्यावर घेणाऱ्या कामगारालाही चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संप पुढाऱ्यांच्या तोंडावर विचारला होता.

बाबासाहेब या भागात पाहुणे नव्हते. परळच्या सुधार ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत त्यांनी आयुष्याची वीसेक वर्षे काढली. बहिष्कृत हितकारिणी सभेची १९२४ ची बैठक परळच्या दामोदर हॉलमध्ये झाली आणि सभेचे कार्यालयही तिथेच होते. १९३७ ला ते मत मागायला उभे राहिले तेव्हा त्यांच्यामागे उमेदवारीचा अर्ज नव्हता, चाळीतले आयुष्य होते.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव नीट वाचा. पक्षाच्या नावात जात नाही, मजूर आहे. खोती मोडा, गिरणी कामगाराला संरक्षण द्या, कुळाला न्याय द्या, हा जाहीरनामा. पक्षाने १७ उमेदवार उभे केले.

१९३७ ची लढत

बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने उभे केले पी. बाळू यांना. बाळू पालवणकर. चांभार समाजात जन्मलेला, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरहून अधिक बळी घेणारा, त्या काळातला देशातला सर्वात मोठा गोलंदाज. खेळताना सहकारी त्याच्याबरोबर पंक्तीला बसत नसत, आणि मैदानावर मात्र त्याच्याशिवाय संघ जिंकत नसे. तरुणपणी बाबासाहेबांनाही बाळूंचा अभिमान होता.

आपल्याकडे काही लेखांत बाळूंना 'काँग्रेसचा हस्तक' म्हणून एका ओळीत निकालात काढले जाते. आम्हाला ते मान्य नाही. बाळूंनी सोसलेली अस्पृश्यता खरी होती आणि त्यांचे कर्तृत्व अस्सल होते. म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे आहे. माणूस चांगला की वाईट, हा इथला मुद्दा नाही. मुद्दा हा की बाळूंना उभे कोणी केले, आणि निवडून आल्यावर ते कोणाच्या आदेशाने हात वर करणार होते. चांगला माणूसही दुसऱ्याच्या पक्षशिस्तीत बांधला गेला की आपला आवाज राहत नाही.

फेब्रुवारी १९३७ मध्ये निकाल लागला. बाबासाहेब १३,२४५ आणि बाळू ११,२२५. फरक २,०२० मतांचा. लाटेच्या विरोधात मिळालेला हा विजय निसटताच होता. इलाख्यातल्या १५ राखीव जागांपैकी ११ स्वतंत्र मजूर पक्षाने घेतल्या. शिवाय अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर यांच्यासारखे सवर्ण घरांतले कार्यकर्ते पक्षाच्या तिकिटावर सर्वसाधारण जागांवरून निवडून आले.

निवडून जाऊन काय केले?

सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती पद्धत रद्द करण्याचे बिल मांडले. कोकणातल्या कुळांचे रक्त शोषणारी ही पद्धत. त्यात महार कुळे होती तशी कुणबीही होती. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने ते बिल पुढे सरकू दिले नाही. तेव्हा १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. सभागृहात बिल आणि रस्त्यावर मोर्चा, दोन्ही एका हातात.

त्याच जानेवारीत काँग्रेस सरकारने कायद्यात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घालायचे ठरवले. भाऊराव (दादासाहेब) गायकवाडांनी विरोध केला. आम्ही हरीची माणसे, तर बाकीचे कोणाची, असा त्यांचा सवाल होता. आपले नाव आपण ठरवणार, हे बहुमताने ऐकले नाही. तेव्हा बाबासाहेब आपल्या सभासदांसह सभागृहाबाहेर पडले. विचार करा, राखीव जागांवर त्या दिवशी फक्त काँग्रेसचे सभासद असते, तर कायद्याच्या पुस्तकात आपले नाव कोणी ठेवले असते?

सप्टेंबर १९३८ मध्ये औद्योगिक कलहाचे बिल आले, संपाच्या हक्कावर घाला घालणारे. बाबासाहेबांनी सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप घडवला. विणकाम खात्यात अस्पृश्याला न घेणारे कामगारही त्या दिवशी त्याच संपात होते. त्याच महिन्यात पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. बाईच्या शरीराचा आणि आरोग्याचा प्रश्न १९३८ साली विधानसभेत आणणारा पक्ष हा 'फक्त महारांचा पक्ष' म्हणून हिणवला जात होता.

बहुतेक वेळा ठराव पडले, बिले अडली. तरी प्रतिनिधित्व म्हणजे काय ते या दोन वर्षांत दिसले. आपला माणूस हरला तरी सरकारला उत्तर द्यावे लागत होते.

मताचा हिशेब

आता मूळ मुद्द्यावर येऊ. १९३७ ला हे जमले कसे?

मुंबई इलाख्यात तेव्हा एकाहून अधिक जागांच्या मतदारसंघात एकत्रित मतदानाची पद्धत होती. जितक्या जागा तितकी मते, आणि मतदाराला ती सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत. हा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण सगळी मेख इथेच आहे.

समजा, दोन जागांचा मतदारसंघ आहे, एक राखीव आणि एक सर्वसाधारण. मतदार १००. त्यांत आपले ३५, समोरचे ६५. प्रत्येकाला दोन मते. आपल्या ३५ जणांनी दोन्ही मते आपल्या उमेदवाराला दिली तर त्याची ७० झाली. समोरच्यांकडे एकूण १३० मते. ती त्यांनी दोन उमेदवारांत सारखी वाटली तर ६५ आणि ६५. आपला माणूस राखीव जागेवर निवडून आला. त्यांनी आपल्याला पाडायला राखीव उमेदवारावर ७१ ओतली, तर दुसऱ्याला उरतात ५९. मग आपला ७० वाला सर्वसाधारण जागेवर निवडून येतो. कसेही करा, एक तृतीयांशाहून अधिक एकजूट असलेल्या समाजाला एक जागा नाकारता येत नाही.

आता नियम एवढाच बदला की एका उमेदवाराला एकच मत. आपल्या उमेदवाराला फार तर ३५ मते. समोरच्यांच्या राखीव उमेदवाराला ६५. खेळ संपला. तेच मतदार आणि तीच एकजूट, फक्त नियम वेगळा. आपल्या दुसऱ्या मताचे काय? ते कोणा मित्रपक्षाला द्या, नाहीतर कुजवा.

तोच माणूस, वेगळा नियम

१९४२ मध्ये शेड्युल्ड कास्ट फेडरेशन स्थापन झाले. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत देशातल्या १५१ राखीव जागांपैकी फेडरेशनच्या वाट्याला दोन आल्या, एक बंगालात आणि एक मध्य प्रांतात. मुंबई इलाख्यात एकही नाही. बाबासाहेबांनी आकडे मांडून दाखवले की प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे फक्त अस्पृश्य मतदारांच्या मतदानात, जिथे फेडरेशनचे उमेदवार पुढे होते तिथेही अंतिम फेरीत सवर्ण मतांनी ते पाडले. ज्यांना समाजाने नाकारले ते समाजाचे प्रतिनिधी म्हणून सभागृहात बसले.

याचाच परिणाम म्हणून मुंबईच्या विधानसभेतून बाबासाहेबांना घटना समितीत जाता आले नाही. जोगेंद्रनाथ मंडलांनी बंगालमधून त्यांना निवडून आणले. फाळणीनंतर ती जागा गेली आणि मग जुलै १९४७ मध्ये काँग्रेसच्या पाठिंब्याने ते मुंबईतून पुन्हा घटना समितीत गेले.

घटना समितीतही हा प्रश्न आला होता. ऑगस्ट १९४७ मध्ये मद्रासचे सभासद एस. नागप्पा यांनी सुचवले की राखीव जागेवर निवडून येणाऱ्याला अनुसूचित जातींची किमान ३५ टक्के मते मिळालेली असावीत. स्वतंत्र मतदारसंघ मागितला नव्हता, फक्त ज्याच्या नावाची जागा त्याची थोडी तरी संमती असावी एवढेच. तेही मान्य झाले नाही.

मग १९५२ उजाडले. मुंबई उत्तर लोकसभा मतदारसंघ, दोन जागांचा. प्रौढ मताधिकार होता आणि राखीव जागाही होती. १९२८ ला सायमन कमिशनपुढे जे मागितले ते कागदावर सगळे होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते आणि घटनेच्या शिल्पकाराला १,२३,५७६. पराभव १४,५६१ मतांनी. 'मते कुजवा' हा प्रचार त्या निवडणुकीत झाला आणि सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली. बाबासाहेब आणि समाजवादी अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला, पण निकाल बदलला नाही.

कोणी म्हणेल, १९३७ ची विधानसभा आणि १९५२ ची लोकसभा यांची तुलना कशी करता? मतदारसंघ मोठा, काँग्रेसची लाट मोठी. हे खरे आहे. नियम जुना असता तर निकाल नक्की उलटला असता, असा दावा आम्ही करत नाही. पण सव्वा लाख माणसे ज्याच्यामागे उभी राहतात तो त्यांच्या नावाच्या जागेवर हरतो, तेव्हा जागा त्यांची नव्हती एवढे सिद्ध होते. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनने राजकीय राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला तो याच अनुभवातून. पुणे कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, कांशीराम साहेबांनी 'चमचा युग' हे नाव दिले तेही याच साच्याला. त्यांचा रोख माणसांपेक्षा साच्यावर होता, हे आपण विसरतो.

१९६१ च्या कायद्याने दोन जागांचे मतदारसंघ संपले. आता एक मतदारसंघ, एक जागा. राखीव मतदारसंघातही अनुसूचित जातींचे मतदार बहुतेक ठिकाणी अल्पसंख्यच.

आपला वाटा

सगळा दोष नियमांवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण १९३७ ला बाळू आणि १९५२ ला काजरोळकर, दोघेही चांभार समाजाचे, हा योगायोग नव्हता. काँग्रेसने आपल्यातली फट ओळखली होती. स्वतंत्र मजूर पक्षाचे राखीव जागांवरचे बहुतेक आमदार महार होते, हेही खरे. नावात मजूर होता, पण चांभार आणि मातंग घरापर्यंत आपण किती पोचलो? आज तरी किती पोचतो? १०० मतदारांच्या हिशेबातले ते ३५ आपण धरून चालतो. ते ३५ एकत्र आहेत का, हे आधी स्वतःला विचारावे लागेल.

दुसरी बाजूही बघा. १९५७ मध्ये फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत गेले आणि दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत निवडून आले. म्हणजे युतीने दुसरे मत मिळवता येते. पण ती युती आपल्या अटींवर हवी.

आणि जिथे प्रतिनिधीच उरत नाही, तिथे काय होते तेही याच गिरणगावाने पाहिले. जानेवारी १९७४ च्या मध्य मुंबई पोटनिवडणुकीत दलित पँथरने बहिष्कार पुकारला. वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली, आणि १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. मतपेटीतून आवाज जात नाही असे वाटले की तो रस्त्यावर येतो, आणि किंमत चाळीतली पोरे देतात.

आता पुढे

आज भायखळा, शिवडी, वरळी असे या जुन्या पट्ट्याचे वेगवेगळे विधानसभा मतदारसंघ आहेत. त्यांतला एकही राखीव नाही. मुंबईतल्या ३६ जागांपैकी राखीव दोन, धारावी आणि कुर्ला. राज्यात २८८ पैकी २९. या रेषा कोणी देवाने आखलेल्या नाहीत. त्या परिसीमन आयोग आखतो. विधानसभेच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे. ती जनगणना झाली की रेषा पुन्हा आखल्या जातील. कोणती वस्ती कोणत्या मतदारसंघात टाकायची, आपली एकगठ्ठा वस्ती दोन-तीन तुकड्यांत वाटायची की एकत्र ठेवायची, कोणती जागा राखीव करायची, हे तेव्हा ठरेल.

परिसीमनाचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, जाहीर सुनावण्या होतात. तिथे प्रस्थापित पक्षांचे लोक नकाशे घेऊन हजर असतात. आपण बहुतेक वेळा पुढच्या निवडणुकीत बूथवर गेल्यावर रेषा बदलल्याचे पाहतो.

म्हणून आमची प्रत्येक शाखेला, प्रत्येक विहाराला विनंती आहे. आपल्या प्रभागाचा नकाशा भिंतीवर लावा. जनगणनेचे प्रभागवार आकडे जमवा. मतदार यादीतली गळालेली नावे शोधून परत घाला. शेजारच्या मातंग आणि चांभार वस्तीतल्या कार्यकर्त्यांना त्याच टेबलावर बसवा. हे काम भाषणासारखे गाजत नाही, पण सुनावणीत हाच कागद बोलतो.

त्या अभ्यासवर्गातल्या पोराला आम्ही त्या दिवशी १३,२४५ आणि १,२३,५७६ हे दोन आकडे फळ्यावर लिहून दिले. पहिल्या आकड्याने बाबासाहेब विधानसभेत गेले, दुसऱ्या आकड्याने लोकसभेबाहेर राहिले. तो बराच वेळ फळ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे नुसती मते वाढवून भागत नाही, ती मोजायची कशी हेही आपल्याला बघावे लागेल."

एवढे समजले तरी भायखळा–परळचा धडा वाया गेला नाही.

जय भीम.